मैत्रीचे ॲप आणि पाचवी भेट

प्रश्न (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्रलेखिका पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. त्यांचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. निदान कॉलेजच्या शेवटच्या वर्षी झाले. तो घरून नोकरी करतो, व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करतो आणि दर रविवारी जुन्या बाजारात सुटे भाग शोधायला जातो. तिथला एक विक्रेता त्याच्यासाठी उपयोगाचा माल बाजूला काढून ठेवतो. ‘पण त्याला एकही मित्र नाही, आणि आमच्यानंतर याचे कसे होणार, ही आईवडिलांची काळजी आता माझ्याही डोक्यातून जात नाही,’ असे त्या लिहितात.

यातूनच त्यांनी दोन सहकाऱ्यांसह न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसाठी, म्हणजे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणे, अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) अशा कारणांनी ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे अशांसाठी, मैत्रीचे ॲप करायला घेतले आहे. आवडीनिवडींवरून जुळणीची टक्केवारी, रोज ॲप उघडल्यास वाढत जाणारी स्ट्रीक, काय उत्तर द्यावे हे सुचवणारा एआय मदतनीस, अपंगत्व प्रमाणपत्रावरून पडताळणी आणि पालकांसाठी वेगळे लॉगिन, असा आराखडा आहे. एका गुंतवणूकदारापुढे सादरीकरण ठरले असून त्याच्या पहिल्याच पानावर भावाचा फोटो आणि त्याची कहाणी आहे. भावाने मात्र नमुना पाहून एवढेच विचारले, ‘या माणसांना भेटून करायचे काय?’ आपले कुठे चुकते आहे, प्रमाणपत्राची अट ठेवावी का, पालकांना कितपत प्रवेश द्यावा आणि यासाठी नोकरी सोडावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर

प्रिय वाचक,

भावाचा प्रश्न तुमच्या जिव्हारी लागला, हे पत्रातून जाणवते. मला मात्र तुमच्या आराखड्यावर याहून नेमका अभिप्राय मिळेल असे वाटत नाही. माणसे नकोत असे तो म्हणालेला नाही. भेटून करायचे काय, असे तो विचारतो आहे. ‘चहाला भेटू या’ म्हटले की चहा हे निमित्त आहे आणि खरा हेतू गप्पा हा आहे, हे बहुतेकांना न सांगता कळते. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना असले निमित्त पोकळ वाटते, आणि समोर काहीतरी खरेखुरे काम असेल तर त्याच व्यक्ती तासन्‌तास कोणाच्या तरी शेजारी आनंदाने बसू शकतात. तुमच्या नमुन्यात चेहरे आहेत, आवडींची यादी आहे, टक्केवारीही आहे. पण भेट झाल्यावर हातात घ्यायला काहीच नाही. तेवढीच उणीव त्याने दाखवली.

त्याला एकही मित्र नाही, या तुमच्या विधानाजवळही थोडे थांबावेसे वाटते. जुन्या बाजारातल्या त्या विक्रेत्याचा उल्लेख तुम्ही ओघात केला आणि पुढे गेलात. पण त्या ओळखीत काय काय आहे ते पाहा: वार ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, दोघांच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे, मधल्या दिवसांत फोन करण्याची सक्ती नाही, आणि आपण तिथे नसताना आपल्याला काय लागेल याची आठवण ठेवणारा एक माणूस आहे. याला मैत्री म्हणायचे की नाही, ते तुमच्या भावाने ठरवावे. त्याला एवढे पुरेसे वाटत असेल, किंवा आपल्या वयाचे कोणीतरी संध्याकाळी टेबलाच्या पलीकडे बसून सोल्डरिंग करत असावे असेही वाटत असेल. यातले नेमके काय, हे पत्रात कुठेही नाही आणि बहुधा त्याला कोणी विचारलेलेही नाही. एकटे राहणे आणि एकाकी वाटणे यांत फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. त्याला विचारताना ‘नको’ हेही एक उत्तर असू शकते, हे धरून विचारा. सादरीकरणातल्या त्या पहिल्या पानाबद्दलही त्याची स्पष्ट परवानगी घ्या. ती मिळाली नाही, तर फोटो आणि कहाणी दोन्ही काढून टाका. ॲप त्यावाचून अडणार नाही.

आता जुळणीकडे येऊ. भावाला संवादाचे कौशल्य कमी पडते आणि ते पुरवले की मैत्री होईल, असे तुमच्या आराखड्याने धरून चाललेले दिसते. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी २०१२ मध्ये याच समजुतीवर बोट ठेवले. ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात, तेव्हा इतरांनाही ऑटिस्टिक व्यक्तीचे मन तितकेच कळत नसते. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो आणि त्याचे खापर मात्र एकाच बाजूवर फुटते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट सांगत न्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत राहिली, तितकीच ती कोणीही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत राहिली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण तुमच्या भावाला बोलता येत नाही असे समजण्याआधी, तो आजवर कोणाशी बोलत आला आहे, हे पाहायला हवे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

मात्र यावरून न्यूरोडायव्हर्जंट माणसांचे एकमेकांशी आपोआप पटते असा निष्कर्ष काढाल, तर तीही फसगतच होईल. एडीएचडी असलेली एखादी व्यक्ती ठरल्या वेळेच्या पाऊण तास उशिरा पोहोचते, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारते, समोरच्याचे वाक्य उत्साहाच्या भरात तोडते. आणि समोर बसलेली ऑटिस्टिक व्यक्ती वेळ चुकल्यापासूनच अस्वस्थ झालेली असते. दोघांचाही दोष नाही, तरी भेट फसते. म्हणून जुळणी निदानावरून करू नका आणि ‘८७ टक्के’ असल्या आकड्यांवरूनही करू नका. भेटायचे कसे, यावरून करा. किती गोंगाट चालतो, वेळेची किती ढिलाई खपते, बोलणे सलग हवे की हातात काम असताना अधूनमधून, एका वेळी किती माणसे झेपतात, फोन चालतो की फक्त लेखी निरोप, असे मोजके प्रश्न विचारा. ही उत्तरे आवडीच्या गायकांच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतील.

तुमच्या पत्रातला ‘पहिली भेट सोपी करणे हे आमचे ध्येय’ हा उल्लेख वाचून मला जरा काळजी वाटली, कारण पहिली भेट घडवणारी ॲप्स पुष्कळ आहेत. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीची मैत्री होण्यासाठी किती वेळ एकत्र घालवावा लागतो याचा अंदाज मांडला होता: जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. हे अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रौढांचे आणि विद्यार्थ्यांचे आकडे आहेत, तुमच्या भावाला ते जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तरी हिशोब करून पाहा. आठवड्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या चौघांना ५० तास गाठायला जवळजवळ सहा महिने लागतात. म्हणजे तुमच्या ॲपचे खरे काम पाचवी, दहावी, विसावी भेट घडवणे हे आहे, आणि त्यासाठी दर वेळी नव्याने कोणाला विचारावे लागू नये. ‘पुढच्या आठवड्यात भेटायचे का?’ हा साधा निरोप पाठवण्यातच कित्येकांची सगळी शक्ती खर्च होते: एकाला विचारणे आगाऊपणाचे वाटते, दुसरा विचारायचे विसरतो, तिसऱ्याला नकाराची धास्ती असते. भेट मुळातच दर रविवारी ठरलेली असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. यायचे नसेल त्याने तेवढे कळवावे. म्हणून ॲपच्या मध्यभागी माणसाचे प्रोफाइल ठेवण्याऐवजी चार ते सहा जणांचा, एकाच कामाभोवतीचा, ठरावीक वेळी भरणारा गट ठेवा.

त्या गटाची माहिती ज्या पानावर येईल, त्यावर तुमची निम्मी मेहनत खर्च व्हावी असे मला वाटते. नेहमीच्या कार्यक्रमाच्या पानावर दिनांक, वेळ, जागा आणि ‘धमाल करू या’ एवढे असते. तुमच्या पानावर असे काही हवे: ‘रविवार, दुपारी ४ ते ६. जुने रेडिओ उघडून दुरुस्त करणे. तळमजला, रस्त्याकडचे निळे दार, सोबत दाराचा फोटो. आज चौघे येणार आहेत, त्यांपैकी तिघे नेहमीचे. खोलीत पंख्याचा आवाज आहे, ट्यूबलाइट आहे, सोल्डरिंगचा वास येतो. चहा साडेचारला, पैसे द्यावे लागत नाहीत. पहिली दहा मिनिटे यजमान काय करायचे ते सांगतात. न बोलता काम करत बसले तरी चालते. मध्येच निघायचे असेल तर यजमानांना हात करून निघावे, कारण विचारले जाणार नाही. सहा वाजता बैठक संपते.’ यातले शेवटचे वाक्य विसरू नका. भेट केव्हा संपणार हे ठाऊक नसल्यामुळे मुळात जाणेच टाळणारी माणसे तुमच्याही ओळखीत असतील, आणि त्यांतल्या सगळ्यांना कसले निदान झालेले असेलच असेही नाही.

प्रत्यक्ष भेटीतला एक जुना आणि बिनखर्ची उपायही सांगण्यासारखा आहे. ऑटिस्टिक व्यक्तींनीच चालवलेल्या अमेरिकेतल्या ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल या संस्थेच्या संमेलनांतून रंगीत बिल्ल्यांची पद्धत रूढ झाली. लाल बिल्ला म्हणजे कृपया कोणी बोलायला येऊ नये, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावे, आणि हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे पण सुरुवात करणे जमत नाही, तेव्हा तुम्ही यावे. हिरव्याचा हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. ॲपमध्येही ‘ऑनलाइन’ दाखवणाऱ्या ठिपक्याऐवजी अशी तीन रंगांची, स्वतः निवडायची खूण ठेवता येईल. मात्र रंग न ओळखणाऱ्यांसाठी शेजारी शब्दही लिहा.

चॅटच्या बाबतीत तुमच्या भावाच्या छंदाशेजारचेच एक उदाहरण देते. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, एकमेकांशी कसे बोलतात ते कधी ऐका. आधी आपले संकेतनाम (कॉल साइन) सांगायचे, जे भारतात बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होते, मग आवाज कितपत स्पष्ट येतो ते कळवायचे, मग आपल्याकडचे यंत्र, अँटेना, हवामान, बोलणे झाले की ‘ओव्हर’ म्हणून पाळी समोरच्याकडे द्यायची आणि निरोप घेताना ‘७३’, म्हणजे शुभेच्छा, म्हणायचे. कोणी कधी बोलायचे, कशाबद्दल बोलायचे आणि संपवायचे कसे, हे सगळे आधीच ठरलेले असते, त्यामुळे परक्या माणसाशी दोन मिनिटे बोलून थांबणे यात कोणाचाच अवमान होत नाही. तुमच्या चॅटला नेमके हेच हवे आहे. ‘माझे सांगून झाले’, ‘मला उत्तर द्यायला चार दिवस लागतील’, ‘हा विषय मला नको’, ‘आज इथेच थांबू’ अशी तयार, सभ्य आणि सर्वांना माहीत असलेली बटणे ठेवा. संभाषण कायमचे थांबवायचे असेल तर त्याचेही एक वाक्य असू द्या; काही न बोलता गायब होणे हे ज्याला खुणा वाचता येत नाहीत त्याला महिनोन्‌महिने छळते. (भावाला हॅमच्या परवान्याबद्दल माहीत नसेल तर सांगून पाहा. त्याची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून होते. पण सुचवून सोडून द्या, मागे लागू नका.)

स्ट्रीक काढून टाका. रोज ॲप उघडण्याची साखळी तुटली की अपराधी वाटावे, अशीच तिची रचना असते, आणि एडीएचडी असलेल्यांच्या पदरी असला अपराधभाव आधीच भरपूर असतो. निरोप वाचल्याची निळी खूणही नको. एआय मदतनिसाबद्दल मात्र मी एकदम नाही म्हणणार नाही. ‘हे वाक्य थट्टेने म्हटले आहे का?’ असे खासगीत विचारण्याची किंवा आपला लांबलेला मजकूर थोडक्यात करून घेण्याची सोय कित्येकांना हवी असेल. ती मागितल्यावर मिळावी. पण प्रत्येक निरोपाखाली आपणहून तीन गुळगुळीत उत्तरे पुढे करणारे यंत्र त्या माणसाला हेच सांगत राहते की तुझे स्वतःचे उत्तर पुरेसे चांगले नाही. जन्मभर इतरांसारखे दिसण्याची कसरत करून थकलेल्या माणसांना तीच कसरत इथेही करायला लावू नका. दोन्ही बाजूंनी यंत्राने सुचवलेली उत्तरे जाऊ लागली, तर मैत्री दोन मदतनिसांची होईल.

प्रमाणपत्राची अट ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असल्यामुळे, त्याखाली बसणारे कित्येक जण प्रमाणपत्राच्या वाटेलाच जात नाहीत. मोठेपणी निदान करून देणारे तज्ज्ञ पुण्या-मुंबईतही सहज मिळत नाहीत, मग लातूर-गोंदियात काय असेल? शिवाय, नोकरीत किंवा लग्नाच्या बाजारात कळू नये म्हणून निदान लपवणारी माणसे तुमच्याकडे कागद अपलोड करणार नाहीत, आणि करू नये हेच बरे. अट ठेवून तुम्ही सुरक्षितता मिळवत नाही. फसवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र असू शकते. सुरक्षितता वागणुकीवरून मिळते. ‘मी स्वतःला असे समजतो’ हे पुरेसे माना, फोन क्रमांक पडताळा, नव्या सदस्याची पहिली भेट यजमानाच्या उपस्थितीतच होऊ द्या आणि तक्रारीला माणसाने उत्तर द्यावे अशी सोय करा. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटत नाही, हे तुम्ही सॉफ्टवेअरमधल्या असल्याने तुम्हाला वेगळे सांगायला नको. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही ठरावीक हेतूपुरतीच माहिती घेण्याकडे आहे.

पालकांच्या लॉगिनचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यामागची काळजी खोटी नाही. तरीही अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाच्या चॅटमध्ये आईवडिलांना डोकावू देणे मला मान्य नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली ज्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमलेला आहे त्यांची गोष्ट वेगळी. अशा व्यक्तींच्या माहितीसाठी त्या पालकाची पडताळता येईल अशी संमती २०२३ चा कायदाही मागतो, आणि त्यासाठी तुम्हाला वकिलाचा सल्ला लागेल. बाकी सर्वांसाठी ‘विश्वासातली व्यक्ती’ अशी सोय ठेवा: ती सदस्याने स्वतः निवडायची, हवी तेव्हा काढायची, आणि तिला फक्त भेटीची जागा, वेळ आणि सुखरूप पोहोचल्याचा निरोप दिसावा. ती आई असेल, बहीण असेल किंवा मैत्रीण. तुमचा भाऊ तुम्हाला निवडेलच असे मात्र धरून चालू नका.

खरा धोका बहुधा पैशांत आणि हेतूंत असतो. शब्दाला शब्द मानणाऱ्या माणसाला ‘मित्र ना तू माझा?’ म्हणत उसने मागणे, ओटीपी काढून घेणे, मोबाइलचा हप्ता त्याच्या नावावर घालणे फार सोपे जाते. म्हणून नियम मोघम ठेवू नका. ‘आदराने वागा’ याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो, ‘इथे कोणी कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, मागितल्यास हे बटण दाबा’ याचा अर्थ एकच निघतो. ॲप मैत्रीपुरते आहे की जोडीदार शोधण्यासाठीही, हे पहिल्याच पानावर ठळकपणे लिहा आणि माझ्या मते ते मैत्रीपुरतेच ठेवा. नाहीतर स्त्रिया पहिल्या महिन्यातच निघून जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. फक्त स्त्रियांचे गट पहिल्या दिवसापासून असू द्या. हलणारी चित्रे बंद ठेवणे, ठळक अक्षरे, साधी मराठी वाक्ये, टाइप करणे जड जाते त्यांच्यासाठी आवाजी निरोप, हे तुमच्या हातचे काम आहे. ते कराल याची खात्री वाटते.

एक सूचना कदाचित रुचणार नाही: पुढचे सहा महिने ॲप लिहूच नका. दोनशे माणसे महाराष्ट्रभर विखुरलेली असली तर ॲप प्रत्येकाला रिकामेच दिसेल; बारा माणसे कोथरूड-कर्वेनगरच्या टापूत असली तर त्यांतून दोन गट चालू शकतात. एक व्हॉट्सॲप गट, वर सांगितल्यासारखे माहितीचे पान, एक खोली आणि ठरलेला वार एवढ्यावर सुरुवात करा. लहान गावांतल्यांसाठी ठरल्या वेळी, रोज त्याच दुव्यावर, कॅमेरा बंद ठेवून आपापले काम करत शेजारी बसण्याची ऑनलाइन बैठक घेता येते. एडीएचडी असलेल्या अनेकांना नुसत्या सोबतीनेही काम सुरू करता येते. नियम ठरवताना टेबलाभोवती निम्म्याहून अधिक माणसे स्वतः न्यूरोडायव्हर्जंट असावीत आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. तुमच्या तिघांत तसे कोणी आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही.

नोकरी आत्ता सोडू नका. गुंतवणूकदार तुम्हाला रोज किती जण ॲप उघडतात हे विचारणार, आणि तुमचे ॲप चांगले चालले तर लोक ते आठवड्यातून एकदा, वेळ पाहण्यापुरते उघडतील. हा पेच सुटल्याखेरीज बाहेरचा पैसा घेतलात, तर वर्षभरात स्ट्रीक परत येईल. तोवर सदस्यांकडून थोडी मासिक वर्गणी आणि यजमानांना मानधन, एवढा हिशोब जमतो का ते पाहा. सहा महिन्यांनी त्या गटांपैकी एखादा तुम्ही न जाता, यजमान बदलूनही भरत असेल, तर राजीनाम्याचा विषय घरी काढायला हरकत नाही.